कमी पडले तर कॅशियरचे

'नावाला बट्टा लागणे' हा वाक्प्रचार मी शाळेत निदान तीस वर्षं शिकवला असेन. मुलं वहीत 'कलंक लागणे' असा अर्थ उतरवून घ्यायची आणि पुढच्या वाक्प्रचाराकडे वळायची. पण बट्टा हा मूळचा हिशेबातला शब्द. नाणं झिजलेलं असलं, वजनाला हलकं असलं किंवा परमुलखातल्या टाकसाळीचं असलं की ते पूर्ण किमतीला कुणी घेत नसे. किमतीतून जे कापलं जाई तो बट्टा. 'बद्द वाजणे', 'खणखणीत', 'वाजवून घेणे' हे शब्दही त्याच घरचे. नाणं दगडावर आपटायचं आणि कान देऊन ऐकायचं, हे ज्याचं रोजचं काम त्या माणसाच्या हातून ते आपल्या भाषेत आले. आज त्या माणसाबद्दल लिहायचं आहे. म्हणजे कॅशियरबद्दल.

तुम्ही म्हणाल, मास्तरीणबाईंना एकदम कॅशियर कुठून आठवला? तर आमच्या घरात दोन कॅशियर झाले. एक माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो). ते १९४७ साली सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत लागले आणि १९८५ साली निवृत्त झाले. दुसरी माझी भावजय, धाकट्या भावाची बायको. ती १९८४ साली बँकेत लागली आणि २०२१ साली निवृत्त झाली. दोन वेगळ्या बँका, पण काउंटर तोच. त्यामुळे आजच्या लेखातला इतिहास थोडा पुस्तकातला आहे आणि थोडा आमच्या स्वयंपाकघरात ऐकलेला. भाचे-पुतणे मंडळींना कंटाळा आला तर त्यांनी मधले परिच्छेद खुशाल गाळावेत.. पण मग मागाहून फोन करून प्रश्न विचारू नयेत!

आपल्याकडे पोतदार, पोतनीस, शराफ, खजांची ही आडनावं आहेत. ती सगळी एकाच दुकानातली. पोतं म्हणजे जशी धान्याची गोणी, तसाच सरकारी खजिनाही. पोतनीस त्या खजिन्याचं लिहिणं ठेवी, आणि खजिन्यात भरायला आलेलं नाणं खरं की खोटं हे पोतदार पाहून देई. गावात हे काम बहुधा सोनाराकडेच असे, कारण धातूची पारख त्यालाच. शराफ हा शब्द अरबीतून आला. तोही नाणी पारखणारा आणि बदलून देणारा. जुन्या चांदीच्या रुपयांवर बारीक बारीक ठोकलेल्या खुणा दिसतात, त्या शराफांच्या. 'मी पाहिलं आहे, खरं आहे' एवढाच त्यांचा अर्थ.

पेशवाईच्या शेवटी शेवटी एकट्या दख्खनेत किती तऱ्हेचे रुपये चालत होते! चांदवडी, अंकुशी, हाली.. प्रत्येकाचा भाव वेगळा आणि प्रत्येकावरचा बट्टा वेगळा. हे ज्याच्या डोक्यात पाठ असे, त्याच्यावाचून शेतसारा भरता येत नव्हता की व्यापार करता येत नव्हता. साहजिकच या माणसाला मान होता आणि बट्ट्याच्या व्यवहारात चार पैसे सुटतही होते. हे 'चार पैसे सुटत होते' जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग कंपनी सरकारने १८३५ साली कायदा करून सगळ्या मुलखासाठी एकच रुपया पाडायला घेतला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. एका फटक्यात शराफाची निम्मी विद्या निकामी झाली. पण निम्मीच. कारण रुपया एकच झाला तरी खोटा रुपया पाडणारे होतेच. सरकारी खजिन्यात आणि नव्याने निघालेल्या बँकांत रोकड घ्यायला-द्यायला पारखी माणूस लागतच होता. बँक ऑफ बाँबे १८४० सालची. या बँकांचे वरचे अधिकारी गोरे. त्यांना ना इथली नाणी कळत, ना नाणी आणणारी माणसं. म्हणून रोकडीचं खातं एका वजनदार देशी माणसाच्या हवाली करायची पद्धत पडली. त्याला खजांची म्हणत. तो मोठा जामीन ठेवी, हाताखालची माणसं आपल्या भरवशाची नेमी आणि रोकडीत खोट आली तर ती भरून देई. जोखीम मोठी, पण प्रतिष्ठा आणि कमाईही त्या मानाने होती. म्हणजे ज्याला फायदा त्याच्यावर तोटा. सौदा रोखठोक होता.

मग आला कागद. १८६१ च्या कायद्याने नोटा काढायचा हक्क सरकारने आपल्याकडे घेतला. सुरुवातीच्या नोटा एकाच बाजूला छापलेल्या असत आणि छापून यायच्या विलायतेहून. शिवाय नोट आपापल्या इलाख्याच्या मंडळापुरतीच हक्काने चाले. मुंबईची नोट कलकत्त्याला नेली तर ती घेतलीच पाहिजे असं बंधन नव्हतं. पाचाची नोट १९०३ साली, दहाची १९१० साली आणि शंभराची १९११ साली देशभर चालती झाली (ब्रह्मदेशाची गोष्ट थोडी वेगळी). मला सगळ्यात गंमत वाटते ती अर्ध्या नोटांची. मोठी रक्कम टपालाने पाठवायची तर लोक नोट मधोमध कापत आणि एक अर्धं आधी धाडत. ते पोचल्याचं पत्र आलं की दुसरं अर्धं. वाटेत कुणी चोरली तरी त्याला अर्धाच कागद मिळणार! मग तिकडे कॅशियरने दोन्ही तुकड्यांचे नंबर जुळवून पाहायचे आणि पैसे द्यायचे. त्या काळच्या काही नोटा आजही जोडलेल्या स्थितीत संग्रहांत दिसतात.

नोटांची छपाई १९२८ साली आपल्या नाशिकला सुरू झाली. रिझर्व्ह बँक १९३५ ची आणि तिची पहिली नोट, पाच रुपयांची, १९३८ ची. तिकडे रुपयातली चांदी युद्धात, १९४० साली, निम्म्यावर आली आणि १९४७ साली पार गेली. त्या वर्षी निकलचा रुपया आला आणि त्याच वर्षी आमचे अण्णा कॅशच्या पिंजऱ्यात बसले.

पिंजरा हा शब्द अण्णांचाच. लाकडी चौकट, तिला जाळी, समोर हात जाईल एवढी खिडकी आणि आतून कडी. लहानपणी डबा द्यायला गेले की मला ते जाळीतून दिसायचे आणि उगाचच वाईट वाटायचं. समोर पाण्यात भिजवलेला स्पंज, शाईचा पॅड, नाण्यांची लाकडी थाळी. माणूस चेक किंवा स्लिप देई, कारकून ती वहीत चढवी आणि त्याच्या हाती पितळी बिल्ला ठेवी. मग साहेबांची सही होईपर्यंत बाकावर बसायचं. शेवटी अण्णांचा आवाज यायचा, 'एक्केचाळीस!' घरी हळू बोलणाऱ्या माणसाचा बँकेत एवढा मोठा आवाज कसा, हे मला कोडंच होतं.

शंभर नोटांचं एक पुडकं. पुडक्याला जाड तारेचा टाका मारायचा आणि वरच्या पट्टीवर मोजणाऱ्याची सही आणि तारीख. अशा दहा पुडक्यांचं बंडल. ती तार उपसताना बोटांना लागायचं. अण्णांच्या उजव्या अंगठ्याला कायम चिरा असत आणि आई रात्री त्यात तूप भरायची. गुळाच्या सौद्याच्या दिवसांत नोटा एकमेकींना चिकटायच्या, हळदीच्या दिवसांत पिवळ्या व्हायच्या. नोट कोणत्या पेठेतून आली हे अण्णा वासावरून सांगत. (आम्ही त्यांची परीक्षा घ्यायचो. आईच्या डब्यातली एक नोट त्यांनी 'हिंग!' म्हणून ओळखली होती.)

१९५७ च्या १ एप्रिलला नवे पैसे आले. मी तेव्हा सात वर्षांची. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. आता रुपयाचे १०० नवे पैसे. ऐकायला सोपं, पण तीन वर्षं दोन्ही नाणी बरोबरच चालायची होती. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. आता पाव पैसा कुठून द्यायचा? म्हणून एका आण्याला ६, तीन आण्यांना १९ असं कोष्टक निघालं. चार जणांनी वेगवेगळा एकेक आणा दिला तर २४ पैसे होतात आणि एकाने पावली दिली तर २५! हा एक पैसा गेला कुठे म्हणून बाजारात रोज भांडणं. अण्णांनी ते कोष्टक पुठ्ठ्यावर लिहून काउंटरला टांगलं होतं आणि एक प्रत आमच्या स्वयंपाकघरातही. आमच्या शाळेत मात्र पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी यांची घोकंपट्टी आणखी काही वर्षं चालूच राहिली. मी शिक्षिका झाले तोवर ती गेली होती. ज्यांनी ती पाठ केली त्यांचा तोंडी हिशेब अजून यंत्राला ऐकत नाही, हे मात्र कबूल करायला हवं. १९६४ साली 'नवे' हा शब्द गळला आणि नुसते पैसे उरले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते.

१९६३ सालच्या एका बाजारच्या दिवशी अण्णांची शिल्लक जुळली नाही. पाचशे रुपये कमी. दहाच्या पन्नास नोटा. अण्णा त्या रात्री साडेदहाला घरी आले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळी पुडकी फोडून मोजली, स्लिपा तपासल्या, कचऱ्याची टोपलीसुद्धा उलटी केली. पैसे सापडले नाहीत. नियम असा की रोकड कमी पडली तर कॅशियरने भरायची. पाचशे म्हणजे तेव्हाचा त्यांचा जवळजवळ दोन महिन्यांचा पगार. आईने पाटल्या काढून दिल्या. ते सुवर्ण नियंत्रणाचं पहिलं वर्ष होतं. चौदा कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झालेली, गावातले सोनार हातावर हात धरून बसलेले. पडेल त्या भावाला पाटल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी पाचशे रुपये भरले आणि बँकेच्या दप्तरात प्रकरण मिटलं.

आमच्याकडे ते मिटलं नाही. कुणी चोरी केली, असं अण्णा कधीच म्हणाले नाहीत. पण त्या दिवशी काउंटरवर कोण कोण येऊन गेलं हे त्यांना पाठ होतं. त्यातली बरीच माणसं आम्हाला रोज रस्त्यात भेटणारी. त्यानंतर कितीतरी वर्षं अण्णा बाजारात चालताना खाली बघून चालत. आईला वाटे ते लाजतात. मला आता वाटतं, कुणाच्या तोंडाकडे बघून संशय येऊ नये म्हणून ते खाली बघत असावेत. आणि दुसरी बाजूही होती. ज्या माणसाची रोकड कमी येते, त्याने ती स्वतःच खाल्ली नसेल कशावरून, हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण तो असतो. भरपाई दिल्याने पैसे फिटतात, तो प्रश्न फिटत नाही. बट्टा हा शब्द मला खऱ्या अर्थाने तेव्हा कळला, शाळेत शिकवायला लागण्याच्या कितीतरी आधी.

मोठेपणी इतिहास वाचताना माझ्या लक्षात आलं की हा नियम त्या जुन्या खजांचीकडून उतरत आलेला आहे. नोकरीला लागताना अण्णांना दोन जामीनदार द्यावे लागले होते. जामीन उरला आणि जोखीमही उरली. पण खजांचीची कमाई आणि पोतदाराचे 'चार पैसे' मधल्या काळात गळून पडले. त्यांच्या जागी पगाराशिवाय महिन्याला थोडासा भत्ता आला. रोकड जास्त भरली तर? ती कॅशियरची नव्हे. ती सस्पेन्स खात्यात जमा करायची आणि मालक येतो का याची वाट पाहायची. हे योग्यच आहे. पण मग कमी पडलेल्या पैशाला मालक एकच, कॅशियर!

१९६९ च्या १९ जुलैला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. अण्णांची बँक त्यात होती. तेव्हा देशात बँकांच्या सव्वाआठ हजारांच्या आसपास शाखा होत्या, १९९० पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. म्हणजे तेवढे पिंजरे आणि तेवढे कॅशियर. ज्यांनी कधी बँकेची पायरी चढली नव्हती अशी माणसं खिडकीशी आली. अंगठा उठवणाऱ्यांना अण्णा नोटा देताना मोठ्याने मोजून देत आणि पुन्हा त्यांच्याकडून मोजून घेत. मागे रांग कितीही ओरडो.

१९७८ ची नोटाबंदी आमच्या गावाला फारशी जाणवली नाही. १६ जानेवारीला वटहुकूम निघाला. हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या, दुसऱ्या दिवशी बँका बंद होत्या. पण अण्णांच्या काउंटरवर हजाराची नोट घेऊन एकच गृहस्थ आले. अण्णांनी एवढ्या वर्षांत ती नोट तीन-चारदाच हाताळली होती. त्या वेळच्या गावात ती दाखवायची तर कुणाला, आणि मोड कोण देणार!

भावजय बँकेत लागली तेव्हा तिलाही कॅशवर बसवलं. १९८६ साली तिचे पहिल्यांदा ११० रुपये कमी पडले. संध्याकाळी ती रडवेली होऊन आली. तेव्हा अण्णांनी तिला समोर बसवून आपल्या सगळ्या सवयी सांगितल्या. मोजताना कुणाशी बोलायचं नाही, साहेबांशीसुद्धा. एका वेळी एकच माणूस. एकाचं पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याच्या पैशाला हात लावायचा नाही. ड्रॉवरला कुलूप लावल्याशिवाय पाणी प्यायलाही उठायचं नाही. मी तिथेच भाजी निवडत होते. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "अण्णा, पण हा नियमच बरोबर नाही."

"नियम बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "तो नसता तर संध्याकाळी कुणाचीच शिल्लक जुळली नसती."

"मग जास्त भरले तर ते माझे का नाहीत?"

"ते लोकांचे असतात."

"आणि कमी पडलेले कुणाकडे गेलेले असतात? लोकांकडेच ना?"

अण्णा काही बोलले नाहीत. पाटल्यांची गोष्ट तिला तोपर्यंत कुणी सांगितलेली नव्हती. आईने आतून चहा आणला आणि विषय बदलला. मला विचाराल तर मी भावजयीच्या बाजूची आहे, पण पूर्ण नाही. अण्णांचं म्हणणं साफ टाकून देता येत नाही. बाकावर बिल्ला घेऊन बसलेली म्हातारी आपले पैसे निर्धास्तपणे या खिडकीत देते, त्यामागे कॅशियरची ही भीतीच आहे. पण ती भीती विकत घ्यायची तर तिची किंमत बँकेने नीट मोजायला हवी होती, असं माझं मत.

यंत्रांची गोष्ट थोडक्यात सांगते. गल्ल्यावरचं ते घंटी वाजवणारं यंत्र अमेरिकेत ओहायो राज्यातल्या जेम्स रिट्टी नावाच्या एका दारू-दुकानदाराने १८७९ साली भावाच्या मदतीने काढलं. कारण काय, तर नोकर गल्ल्यातून पैसे काढतात हा संशय. त्याने यंत्राचं नावच ठेवलं 'कधीही भ्रष्ट न होणारा कॅशियर'! पैसे देणारं यंत्र, म्हणजे एटीएम, पहिल्यांदा १९६७ साली लंडनजवळ एन्फिल्डला बसलं. ते ज्याच्या नावावर सांगतात त्या जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म १९२५ साली आपल्या शिलाँगचा. अण्णांचंही जन्मसाल तेच. भारतात ते यंत्र १९८७ साली मुंबईत आलं.

पण कॅशियरचं काम खरं बदललं ते एका बारीकशा हुकुमाने. नोव्हेंबर २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने नोटांना टाके मारायला बँकांना मनाई केली. तारेऐवजी कागदी पट्टी. नोटा फाटायच्या कमी झाल्या आणि नोटा मोजायच्या यंत्राचा मार्ग मोकळा झाला, कारण टाका मारलेल्या नोटा यंत्राला मोजता येत नाहीत. भावजय म्हणे, "माझी बोटं वाचली." अण्णा तेव्हा हयात होते. त्यांना सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पट्टीवर सही कोणाची?" सही अजूनही मोजणाऱ्याचीच होती.

ती सही २०१६ साली भोवली. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. चलनात असलेल्या पैशाच्या किमतीतला जवळजवळ ८६ टक्के भाग. एक दिवस बँका बंद आणि १० तारखेपासून रांगा. आधी माणशी चार हजार बदलून द्यायचे, १४ तारखेला साडेचार हजार झाले, १८ तारखेला दोन हजार. मध्येच बोटाला शाई लावायचं आलं. २४ तारखेनंतर बदलून देणं बंद, फक्त खात्यात भरायचे. हे सगळे नियम रांगेतल्या माणसाला समजावून सांगायचे कुणी? तर काउंटरवर बसलेल्या बाईने. भावजय तेव्हा पुण्यातल्या एका उपनगरातल्या शाखेत होती, वय पंचावन्न. सकाळी नऊला गेलेली रात्री दहाला यायची. अण्णांच्या सगळ्या सवयी तिने त्या आठवड्यात मोडल्या, कारण पाळणं शक्यच नव्हतं. मोजताना बोलावं लागत होतं, पाणी मागवून जागेवरच प्यावं लागत होतं. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांना रांगेत चक्कर आली तेव्हा ड्रॉवर तसाच टाकून ती बाहेर धावली. (त्या गृहस्थांना काही झालं नाही. आणि ड्रॉवरलाही!)

तिसऱ्या दिवशी रात्री सहा हजार कमी आले. दोन हजारच्या तीन नव्या कोऱ्या नोटा. नव्या नोटा एकमेकींना चिकटतात हे कुठल्याही कॅशियरला माहीत असतं, पण या नोटेचा आकारही नवा, रंगही नवा, हाताला सवय नाही. तिने त्याच रात्री स्वतःच्या बचत खात्यावर स्लिप भरली आणि सहा हजार जमा केले. पुढे महिन्याभराने तिची सही असलेल्या पुडक्यांत जुन्या पाचशेच्या दोन नोटा खोट्या निघाल्या. काउंटरवरच ओळखली असती तर नियमाप्रमाणे शिक्का मारून ती जप्त करता आली असती आणि आणणाऱ्याला तशी पावती देता आली असती. मागाहून निघाल्या, म्हणजे आणणारा सापडणं शक्य नाही. तेही हजार तिचेच गेले. तिच्या शाखेत त्या दोन महिन्यांत तीन जणांनी असे पदरचे पैसे भरले. तिघांनीही घरी आधी सांगितलं नव्हतं. भावजयीने मला सांगितलं, भावाला नाही. आता हे वाचून त्याला कळेल!

अण्णा २००४ साली गेले. २०१६ साली असते तर नियम बरोबर आहे असंच म्हणाले असते का, यावर आम्ही दोघी पुष्कळदा बोललो. भावजय म्हणते, नसते म्हणाले. मला वाटतं, म्हणाले असते, आणि सहा हजार तिच्या हातात गुपचूप ठेवले असते.

ती दोन हजारची नोटही आता गेली. मे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती मागे घेत असल्याचं जाहीर केलं. पावली तर त्याआधीच, ३० जून २०११ ला चलनातून गेली. भावजयीच्या शाखेत पूर्वी तीन कॅश काउंटर होते, तिच्या शेवटच्या वर्षी एकच उरला होता. शेजारी पैसे घेणारं आणि देणारं यंत्र बसवलं होतं. त्या यंत्रात फरक आला की त्याची वेगळी नोंद होते, चौकशी होते, कागद वर जातात. "त्याच्या पगारातून कापत नाहीत," ती म्हणाली, "कारण त्याला पगारच नाही."

निवृत्तीच्या दिवशी ती मुद्दाम कॅशवरच बसली. करोनाचे दिवस होते, तोंडाला मास्क, काउंटरला काच, निरोपसमारंभ वगैरे काही नाही. दुपारी माणसं अशी फारशी आलीच नाहीत. साडेचारला तिने रोकड मोजली. यंत्रावर दोनदा आणि नंतर, नवीन लागलेल्या मुलाला आश्चर्य वाटलं तरी, स्पंज भिजवून एकदा हाताने. शिल्लक बरोबर आली. तिने किल्ल्या त्या मुलाच्या ताब्यात दिल्या, वहीत त्याची सही घेतली आणि निघताना त्याला सांगितलं, "ड्रॉवर उघडा राहिलाय तुझा."